तिसरी पिन

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या, जागा भरपूर आहे. आज देवादिकांचं आख्यान नाही. आज गोष्ट आहे एका मुलीची, एका मुलाची आणि भिंतीतल्या एका प्लगपॉइंटची. हसू नका. देव कुठल्या खांबातून प्रकट होईल त्याचा नेम नसतो, हे तुम्हा कीर्तन ऐकणाऱ्यांना मी काय सांगावं... शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे. पण ते मागाहून. आधी गोष्ट.

साल अठ्ठ्याऐंशी. कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो. फेब्रुवारी महिना, आणि पाऊस असा की छत्रीला सवड नाही. तिथे शंकररावकाकांच्या गॅरेजात महिन्यातल्या एका रविवारी भजन असायचं. गाडी बाहेर भिजत उभी, आणि आत वॉशिंग मशीनवर शाल घालून विठोबाची तसबीर मांडलेली. चपला-बूट दाराबाहेर. खाली गार सिमेंट, त्यावर सतरंज्या.

त्या रविवारी शरयू उशिरा पोचली. बस चुकली होती, केसांतून पाणी गळत होतं. चोवीस वर्षांची, मिरजेची मुलगी. वडील त्र्यंबकबुवा, त्या मुलखात नावाजलेले कीर्तनकार. इथे सॅन होजेला इलेक्ट्रिकलचं एम.एस. करत होती आणि रेखामावशीकडे राहत होती. येताना सामानात तिने दोनच गोष्टी हट्टाने आणल्या होत्या: बुवांच्या अकरा कॅसेटी, आणि घरातला लाल मुठीचा टेस्टर.

दारात पाऊल टाकलं, तर भजन बंद. स्पीकरमधून नुसतं ‘हूंऽऽ’ येत होतं आणि एक उंच मुलगा त्याच्यामागे उकिडवा बसून घाम पुसत होता. शरयू सरळ त्याच्याशेजारी जाऊन वाकली.

“हेय, डोन्ट टच दॅट,” तो म्हणाला.

“टच नाही करत. नुसती उचलते.”

तिने एक वायर उचलून हातभर लांब ठेवली. हुंकार थांबला. सगळ्या गॅरेजने सुस्कारा सोडला.

“हाऊ डिड यू... काय केलंस तू?”

“माइकची वायर ट्रान्सफॉर्मरवर झोपली होती. उठवली.”

“बस?”

“बस. तू इतका वेळ तिला अंगाई गात होतास का?”

तो हसला. हसताना त्याचा डावा गालच फक्त आत जायचा... आणि तिच्या मनात आलं, याला यापेक्षा जास्त हसवू नये, धोक्याचं आहे.

हा शैलेंद्र, शंकररावांचा एकुलता एक. जन्म शिकागोचा. मराठी आईकडून आलेलं, व्याकरण मात्र स्वतःचं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बाप-लेक दोघंच, आणि दोघांच्या मध्ये एक गिटार.

भजन संपल्यावर त्याने कोपऱ्यातली चादर बाजूला केली. खाली गिटारचा आवाज वाढवणारा, काळा, कपाटाएवढा अ‍ॅम्प होता. “बाबा याला राक्षस म्हणतात,” तो म्हणाला. “आणि हा माझी नवीन पेडलबोर्ड.”

“माझा.”

“तुझा कसा? मी घेतला.”

“व्याकरण दुरुस्त करत होते रे.”

पेडलबोर्ड म्हणजे पायाने दाबायच्या बटणांची लांबट पेटी. एको, कोरस, रिव्हर्ब अशा प्रतिध्वनीच्या करामती, गर्जना चढवणारं गेन, सगळं एकाच डब्यात. गिटार त्या पेटीत, पेटी अ‍ॅम्पमध्ये, अशी त्याने सरळ जोडणी केली होती. त्याने तार छेडली. राक्षस गरजला खरा, पण सुरांचा नुसता चिखल झाला.

“शनिवारी एक वाजता सॅन फ्रान्सिस्कोत एका क्लबात ऑडिशन आहे,” शैलेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. “रेकॉर्ड कंपनीचे लोक येणार. जमलं तर ओके. नाही जमलं तर मी बाबांना प्रॉमिस दिलंय... गिटार बंद, आणि शिकागोला काकाच्या कंपनीत नोकरी.”

शिकागो. तासाभराच्या ओळखीतल्या माणसाने शिकागोला जाऊ नये, असं आपल्याला का वाटावं, याचं उत्तर शरयूने तेव्हा शोधलं नाही. तिने अ‍ॅम्पची मागची बाजू बघितली.

“कीर्तन ऐकलंयस कधी पूर्ण?”

“झोपलोय पूर्ण.”

“मग ऐक. बुवा आधी पूर्वरंग करतात. अभंग घेतात, त्याचा अर्थ उलगडतात. मग मध्ये नामाचा गजर, सगळे टाळ्या पिटतात, बुवांच्या गळ्यात हार पडतो, कपाळाला बुक्का लागतो. आणि मग उत्तररंग, म्हणजे गोष्ट. बुवा तेच. पण गजराच्या अलीकडचं काम वेगळं, पलीकडचं वेगळं. गजर चालू असताना कोणी गोष्ट सांगायला लागलं, तर ऐकू येईल का?”

“नो वे.”

“तुझा अ‍ॅम्प म्हणजे तो गजर. तू एको त्याच्या अलीकडे घातलास. आता प्रत्येक प्रतिध्वनीही गरजतोय, म्हणून चिखल. गेनवालं बटण अलीकडे हवं, एको आणि रिव्हर्ब पलीकडे. हे बघ, पाठीमागे दोन सॉकेट आहेत. सेंड, रिटर्न. चार वायरी लागतील.”

गिटारची वायर आधीच होती. बाकीच्या त्याने शोधून आणल्या. गिटार पेटीत. पेटी अ‍ॅम्पच्या तोंडाशी. गर्जना करून झाल्यावर आवाज सेंडमधून बाहेर, पुन्हा पेटीत. आणि तिथून एकोची शाल पांघरून रिटर्नमधून परत अ‍ॅम्पच्या पोटात. त्याने तार छेडली. आधी गर्जना, आणि तिच्या मागोमाग स्वच्छ, ओला, लांबत जाणारा प्रतिध्वनी...

शैलेंद्र तारेवर बोट ठेवून बघत राहिला. तारेकडे नाही, शरयूकडे.

“उत्तररंग,” तो हळूच म्हणाला. आणि ती उगाचच वायरींचे पीळ सोडवत बसली.

पण चार वायरी झाल्या आणि एक नवं दुखणं आलं. अ‍ॅम्प आणि पेटी या दोघांनाही स्वतःचं अर्थिंग. दोन अर्थिंगांच्या मध्ये वायरींचा वेढा पडला, आणि इतक्या तिखट अ‍ॅम्पमध्ये त्या वेढ्याची गुणगुण कानठळ्या बसवू लागली. बुधवारी दुपारी शरयू पुन्हा त्या गॅरेजात आली. येताना युनिव्हर्सिटीच्या लॅबमधल्या आपल्या हत्यारपेटीतून दोन छोटे राखाडी अडॅप्टर घेऊन आली. तीन पिनांचा प्लग त्यात घातला की भिंतीकडे दोनच पिना उरतात. तिसरी, अर्थिंगची पिन, कापली जाते. चालवायला नव्हेच, नुसती परीक्षा करायला आणले होते. अ‍ॅम्पला लावला, गुणगुण गेली. पेटीलाही लावून बघितला.

दोन्ही एकदम लावू नयेत, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मिरजेच्या घरी बुवांचा लाउडस्पीकर वर्षानुवर्षं दोन उघड्या तारांवर चालला होता, काडेपेटीच्या काड्या ठोकून बसवलेल्या. तिथे अर्थिंग ही परीक्षेत लिहायची गोष्ट होती. हाताला भीतीच नव्हती. ‘बघून झालं की काढते,’ असं मनाशी म्हणत ती अनवाणी तशीच ओलसर सिमेंटवर बसून राहिली. तसबीर वॉशिंग मशीनवरच होती ना, मग चपला घालून आत कशी येणार?

शैलेंद्र स्टुलावर बसलेला. पायात रबरी तळाचे बूट, कारण तो तिथलाच, त्याला त्या गॅरेजात देवघर दिसायचं नाही. डावा हात तारांवर.

“शरयू, शनिवार झाला की तुला एक विचारायचंय.”

“आत्ता विचार.”

“आत्ता नाही. आत्ता फक्त...” आणि त्याने उजवा हात पुढे करून तिच्या बोटांवर ठेवला.

काय सांगू तुम्हाला... तिच्या बोटांपासून कोपरापर्यंत एक झिणझिण सरसरत गेली. मुंग्या, चांदण्या, काय म्हणाल ते. तिने दचकून हात मागे घेतला. कादंबऱ्यांत लिहितात ते खरंच असतं तर... इतकं खरं असतं?

“सॉरी,” शैलेंद्र म्हणाला. त्याचा गाल आत गेला नाही. “आय शुडन्ट हॅव.”

“नाही, तसं नाही... मला... मला बस पकडायचीय.”

ती निघाली. घाईत हत्यारपेटी उचलली. अडॅप्टर मात्र प्लगांनाच अडकून राहिले, दोन्ही.

शनिवारी सकाळी ती लॅबमध्ये होती. गुणगुणीवर खरं औषध तिला सापडलं होतं: परतीच्या दोन वायरींच्या आतली जाळी एका टोकाला सोडवून ठेवायची. आवाज पुढे जातो, वेढा तुटतो, आणि भिंतीतल्या अर्थिंगला हातही लावावा लागत नाही. तशा दोन वायरी तिने डाग देऊन तयार केल्या. शैलेंद्र साडेअकराला न्यायला येणार होता. पण सव्वाअकराला रेखामावशीचा फोन आला.

“अगं, तो शैलू सकाळीच गेला म्हणे. बँडची व्हॅन लवकर आली. तुला निरोप ठेवलाय, वायरी नसल्या तरी चालेल, आवाज छान शांत आहे.”

“शांत?” शरयू म्हणाली. “शांत कसा असेल मावशी, गुणगुण तर...”

आणि ती थांबली. हत्यारपेटीचा कप्पा उघडला. दोन अडॅप्टरांची जागा रिकामी.

तिने डोळे मिटले आणि बुधवारची ती झिणझिण पुन्हा आठवून बघितली, या वेळी इंजिनिअरसारखी. ओलं सिमेंट. अनवाणी पाय. त्याचा हात तारांवर. अ‍ॅम्प जुना, दोन-तीन हातांतून फिरलेला, आतून थोडा थोडा करंट सांडणारा. एरवी तो अर्थिंगमधून निमूट जमिनीत जायचा. दोन्ही वाटा तिने स्वतः बंद केल्या होत्या. त्या दिवशी तो शैलेंद्रमधून, तिच्या बोटांतून जमिनीत गेला; तारांनी घट्टे पडलेल्या त्याच्या बोटांना तो जाणवलाही नसेल.

आणि आज? आज शैलेंद्र गाणार होता. एक हात तारांवर, ओठ माइकच्या लोखंडी जाळीला. माइकला पक्कं अर्थिंग. म्हणजे करंटची वाट थेट त्याच्या छातीतून.

तिने शैलेंद्रने लिहून दिलेला क्लबचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. “मावशी, हा नंबर लिहून घे आणि लागेपर्यंत फिरव. लागला की सांग, शैलेंद्रला म्हणावं गिटारला हात लावू नको.” मग तिने शंकररावांच्या घरी फोन केला.

“काका, शरयू बोलतेय. मला आत्ता सॅन फ्रान्सिस्कोला न्या.”

“काय झालं?”

तिने सांगितलं. शंकरराव स्वतः चिप बनवणाऱ्या कंपनीत सतरा वर्षं काढलेले. त्यांनी एकच शब्द विचारला.

“दोन्ही?”

“दोन्ही, काका. मीच लावले.”

फोन बंद झाला. बारा मिनिटांत गाडी लॅबच्या दाराशी होती.

आता या शंकररावांची एक ख्याती होती. पंचावन्न मैलांची पाटी असली की त्यांची गाडी चोपन्नवर. मंडळात त्यांना ‘चोपन्नराव’ म्हणायचे. आज काटा साठ ओलांडून गेला, पासष्ट, सत्तर. वायपर पिसाटासारखे हलत होते. समोरच्या ट्रकने उडवलेलं पाणी काचेवर आदळत होतं आणि शंकररावांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. शरयूच्या मांडीवर दोन वायरी, मुठीत टेस्टर.

“काका, मला रागवा तरी.”

“रागवायला दोन हात लागतात. दोन्ही स्टिअरिंगवर आहेत.” जरा वेळाने ते म्हणाले, “त्याची आई गेली तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. निरोप मिळेपर्यंत...” वाक्य तिथेच राहिलं. “किती वाजले?”

“बारा वीस.”

“रांगेत उभे करतात ना यांना? पहिला नंबर नसेल त्यांचा.”

“एकची वेळ आहे.”

“अमेरिकन वेळ आहे. एक म्हणजे एक.”

पुढे टेकडीवर धुकं उतरलं होतं. गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक पेटत गेले आणि सगळं थांबलं. कुठेतरी अपघात. एक मिनिट. तीन मिनिटं. सहा. शरयू तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागली. शंकररावांनी ऐकलं आणि तोच नामाचा धागा पकडून तेही पुटपुटू लागले. टाळ नाही, मृदंग नाही, वायपरच्या ठेक्यावर दोन घाबरलेल्या माणसांचं नामस्मरण. मी पुष्कळ भजनं ऐकली, पण त्या गाडीतल्याइतकं खरं कुठलं झालं असेल असं वाटत नाही.

रांग हलली.

क्लबच्या दारात ते पोचले तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. आतून गर्जना ऐकू येत होती. सुरू झालं होतं; म्हणजे मावशीचा फोन लागलाच नव्हता. दारावरच्या माणसाने हात आडवा केला, “इन्व्हाइट?” शरयू त्याच्या हाताखालून वाकून आत गेली.

लांबलचक अंधारी खोली, टोकाला स्टेज. शैलेंद्र गिटार छेडत उभा. तोच आवाज, तिने जोडून दिलेला. आधी गर्जना, मागून ओला प्रतिध्वनी. समोर खुर्च्यांवर रेकॉर्ड कंपनीची तीन माणसं. सुरुवातीचं वाजवणं संपत आलं होतं. शैलेंद्रने डोळे मिटले आणि माइककडे एक पाऊल टाकलं.

“शैलेंद्र, थांब—”

त्या गजरात कुणाला काय ऐकू येणार? तो झुकला. ओठ आणि जाळी यांच्यात चार बोटं अंतर असेल.

शरयू त्याच्याकडे धावलीच नाही. ती भिंतीकडे धावली. प्लगपॉइंटमधले दोन्ही राखाडी अडॅप्टर तिने दोन मुठींत धरले आणि सगळ्या अंगाचा भार टाकून उपटले.

राक्षस मुका झाला. ड्रमवाल्याच्या दोन थापा पोरक्या वाजल्या आणि तोही थांबला.

“व्हॉट द—” शैलेंद्रने डोळे उघडले. भिंतीपाशी ती, ओली, हातांत दोन प्लग. “शरयू? तू... धिस इज माय ऑडिशन.”

“माहितीये. माइकला ओठ लावू नको. तारांवरून हात काढ.”

“एक्सक्यूज मी,” खुर्चीवरची बाई म्हणाली, “इज देअर अ प्रॉब्लेम?”

“यस मॅम,” शरयू म्हणाली. “इट इज माय मिस्टेक. फोर मिनिट्स, प्लीज.”

बाईने घड्याळ बघितलं. “फोर,” ती म्हणाली.

शरयू गुडघ्यांवर बसली. अडॅप्टर काढून खिशात. परतीच्या दोन जुन्या वायरी ओढून बाहेर, आपल्या दोन आत. सेंड... पेटी. पेटी... रिटर्न. वाट पाठ होती. तीन पिनांचे प्लग तिने भिंतीत घातले. पेटीचा बसला. अ‍ॅम्पचा खाली लोंबला. सॉकेट ढिलं होतं, दोन पिनांना धरायचं, तिसरीच्या वजनाने सोडून द्यायचं. म्हणूनच बँडवाल्यांना अडॅप्टर बरे वाटले असतील.

तिने पुन्हा घातला. पुन्हा लोंबला. दोन मिनिटं उरली.

“सरक,” मागून आवाज आला.

शंकरराव. ओव्हरकोटातून पाणी ठिबकतंय, चष्म्यावर धुकं. ते अ‍ॅम्पच्या मागे मांडी घालून बसले, प्लग भिंतीत दाबला आणि तळहाताने धरून ठेवला. “चालू कर.”

“काका, पूर्ण गाणं होईपर्यंत?”

“मी चोपन्नने जाणारा माणूस आहे. मला घाई नसते.”

आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात शरयूने टेस्टर गिटारच्या तारेला लावून बघितला. दिवा लागला नाही. मग माइकला. नाही. तिने मान वर केली.

“आता गा.”

शैलेंद्रने आधी तिच्याकडे बघितलं, मग अ‍ॅम्पमागे दिसणाऱ्या अर्ध्या टकलाकडे. ज्या माणसाने चार वर्षांत एकदाही त्याला वाजवताना ऐकलं नव्हतं, तो आता राक्षसाच्या पाठीला कान लावून बसला होता. शैलेंद्रने गिटारचा पट्टा सारखा केला. तार छेडली. गुणगुण नाही. गर्जना, आणि तिच्या पलीकडे स्वच्छ उत्तररंग. आणि मग त्याचे ओठ माइकला लागले. शरयूने डोळे मिटून घेतले होते. गाण्याचा पहिला शब्द ऐकू आला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

ऑडिशनचं म्हणाल, तर बाई म्हणाली, “सोमवारी फोन करीन.” आणि जाता जाता शरयूला विचारलं, “तू यांच्याबरोबर असतेस का नेहमी?” शरयूने शैलेंद्रकडे बघितलं.

लोक गेले. ड्रमवाला कॉफी आणायला गेला. स्टेजच्या कडेला दोघं पाय सोडून बसले. तिने सगळं सांगितलं. अडॅप्टर, सिमेंट, करंट.

शैलेंद्र ऐकत राहिला. “म्हणजे बुधवारी तू हात काढलास तो...”

“शॉक बसला म्हणून.”

“आणि मी तीन दिवस काय समजत होतो, माहितीये? मी आवडत नाही तुला. म्हणून न भेटताच निघालो आज.”

“आणि मी...” शरयू टेस्टरच्या लाल मुठीशी चाळा करत होती. “तुला हसू येईल.”

“नाही हसणार.”

“मला वाटलं, प्रेमात पडल्यावर असंच होतं. इतकं जोरात. घाबरून हात काढला. इलेक्ट्रिकलचं एम.एस. करतेय मी, शैलेंद्र. करंट ओळखता आला नाही मला.”

तो हसला. डावा गाल खोल आत गेला. “सो... ते प्रेम नव्हतं.”

“भिंतीतल्या विजेचं, साठ सायकलचं होतं, तर नाही.”

“टेस्ट करू?” त्याने तिच्या हातातून टेस्टर घेतला, स्वतःच्या मनगटाला लावला, मग तिच्या. दिवा लागला नाही. दोन्हीकडे अंधार. “झीरो?”

“झीरो.”

मग त्याने टेस्टर बाजूला ठेवला आणि तिच्या बोटांवर हात ठेवला. अगदी बुधवारसारखाच.

शरयूने त्या हाताकडे बघितलं, मोजमाप घ्यावं तसं. या वेळी आपला हात तिने काढला नाही.

“काय?” त्याने विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “अजून आहे.”

“मग विचारू, जे विचारायचं होतं ते?”

“शिकागोहून विचारणार होतास का?”

“सोमवारी फोन आला नाही तरी शिकागोला नाही जात मी. लग्न करशील? म्हणजे, तुझी एम.एस. झाल्यावर.”

“तुझं एम.एस.”

“माझं कुठे, तुझी.”

ती हसायला लागली आणि हसता हसताच मान हलवून हो म्हणाली. तेवढ्यात अ‍ॅम्पच्या मागून आवाज आला.

“शैलू, प्लग सोडू का रे आता? हाताला मुंग्या आल्यात.”

माझं मागणं एवढंच. त्या दोघांचं तुम्ही विसरलात तरी चालेल, त्यांचं पुढे सगळं छान झालं. पण घरी गेल्यावर कधी तीन पिनांचा प्लग भिंतीत घालाल, तेव्हा त्या वरच्या जाड, अर्थिंगच्या पिनेशी क्षणभर थांबा, आणि ओल्या ओव्हरकोटात मांडी घालून, लेकाचं गाणं पाठीकडून ऐकत बसलेल्या शंकररावांची आठवण काढा.